विश्लेषण : दिव्यांग मुलाची काळजी घर घेते; घराची काळजी कोण घेणार?

महाड तालुक्यातील बिरवाडी आणि आसपासच्या वाड्यांमध्ये दिव्यांग मूल असलेल्या घराची सरकारदरबारी नोंद होते ती मुलापुरती. दिव्यांगत्वाची टक्केवारी, प्रमाणपत्र, अनुदान या रकान्यांत मूल सापडते. त्याला रोज उठवणारी, भरवणारी, रात्री त्याच्यासाठी जागणारी आई मात्र कोणत्याच रकान्यात नसते. तिचे मन खचले तर मुलाचे उपचारही थांबतात. म्हणून हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही, आरोग्यव्यवस्थेचाही आहे.

प्रश्नाची व्याप्ती किती?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती. ही मोजणी जुन्या, मोजक्या प्रकारांवर आधारलेली होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल यांचा त्यात समावेश झाला. म्हणजे आज कायद्याच्या कक्षेत येणारी मुले त्या आकड्याहून जास्त असणार. प्रत्येक मुलामागे आई-वडील, आजी-आजोबा, भावंडे धरली, तर ज्यांच्या दिनक्रमावर याचा परिणाम होतो अशा माणसांची संख्या कितीतरी पटींनी वाढते.

बिरवाडीत अडचण वेगळी कशी?

काळ नदीकाठच्या या गावाला लागून महाडची औद्योगिक वसाहत आहे आणि पाठीशी सह्याद्रीच्या वाड्या. घरातला कर्ता पुरुष एकतर कारखान्यात पाळीवर, नाहीतर मुंबईत चाकरमानी. गावात उरतात आई, मूल आणि थकलेले सासू-सासरे. एकत्र कुटुंबाचा आधार असतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेक घरांत एकाच बाईवर मूल आणि म्हातारी माणसे अशी दुहेरी सेवा येते.

दुसरी अडचण अंतराची. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नतेच्या निदानासाठी आणि प्रमाणपत्रासाठी तज्ज्ञ लागतात. ते सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अलिबागला, सुमारे शंभर किलोमीटरवर. पुढच्या थेरपीसाठी अनेकांना पनवेल, मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण त्या प्रवासात बुडालेल्या मजुरीला सवलत नाही. गर्दीच्या गाडीत मूल ओरडू लागले की वळणाऱ्या नजरांचाही हिशेब कुठे होत नाही. दोन-तीन खेपांनंतर थेरपी सुटते ती बहुधा अशी. बाहेरून ती हयगय वाटते.

पालकांच्या मनावर काय परिणाम होतो?

निदान झाल्यावर धक्का, नकार, राग आणि मग स्वीकार असा सरळ रस्ता असतो, अशी समजूत आहे. अमेरिकेतील सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये वेगळे मांडले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांचे दुःख एकदाच येऊन संपत नाही, ते आयुष्यभर अधूनमधून परत येते, आणि ही विकृती नसून स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. शेजारचे मूल पहिलीत जाते तेव्हा, पुतणीचे लग्न ठरते तेव्हा, गणपतीला सगळे घर भरते तेव्हा ते दुःख पुन्हा वर येते.

दुःख आणि आजार यांत फरक करायला हवा. थकवा, चिडचिड, कधी कधी रडू येणे हे या कामाच्या ओझ्याचे लक्षण आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत. खेड्यात ही लक्षणे बऱ्याचदा अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड म्हणून डॉक्टरांपुढे येतात आणि गोळी देऊन परत जातात.

वडिलांचे खचणे वेगळ्या वाटेने दिसते : घरी यायला उशीर, जास्तीच्या पाळ्या, दारू, अबोला. भावंडांपैकी थोरली बहीण वयाआधीच मोठी होते. तिच्याकडून तक्रार येत नाही, म्हणून तिची विचारपूसही होत नाही.

दोष आईच्याच माथी का?

ग्रहण पाळले नाही, डोहाळे नीट झाले नाहीत, कुळाचा काही नवस राहिला, अशी कारणे आजही शोधली जातात. गाऱ्हाणी घातली जातात, भगताकडे खेपा होतात. बहुतेक दिव्यांगत्वामागे जनुकीय कारणे, जन्मावेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, मुदतपूर्व जन्म, संसर्ग, तीव्र कावीळ अशी वैद्यकीय कारणे असतात. काहींत कारण सापडतच नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने कोणाचेही बाळ दिव्यांग होत नाही. हे एकदा डॉक्टरांनी आईला एकटीला नव्हे, सासू-सासरे आणि नवऱ्यासमोर सांगितले, तर तो उपचाराचाच भाग ठरेल.

कायदा काय देतो, काय देत नाही?

मुलासाठी तरतुदी बऱ्याच आहेत. निर्धारित प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे दरमहा साहाय्य दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ मध्ये घेतला. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

काळजी घेणाऱ्याचा उल्लेख २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना सरकारने करावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही अटही तिथेच आहे. केरळच्या ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या किंवा तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये दिले जातात. रक्कम तुटपुंजी आहे. पण हे काम आहे, एवढी मान्यता त्यात आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे घटनात्मक कर्तव्याशी विसंगत ठरवले. तो खटला सरकारी सेवेतील आईचा होता. कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्या किंवा भातलावणीला जाणाऱ्या आईपर्यंत त्याचा लाभ पोहोचत नाही.

आपत्तीच्या वेळी काय?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. तेव्हापासून मुसळधार पावसात या भागातील अनेकांना झोप लागत नाही. चालू न शकणारे मूल असलेल्या घरात प्रश्न आणखी थेट असतो : रात्री घर सोडायचे झाले तर याला उचलणार कोण? निवाऱ्याच्या गोंगाटात स्वमग्न मूल शांत कसे राहणार? दिव्यांग कायद्याच्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची माहिती ठेवणे आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करणे बंधनकारक आहे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत ही यादी वाचली गेली आणि कोणत्या घरासाठी कोण धावणार हे ठरले, तर त्या घरांच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल. त्याला निधी फारसा लागत नाही.

‘आमच्यानंतर काय’ याचे उत्तर आहे का?

पालकांना सर्वाधिक जाळणारा प्रश्न हाच. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान ठरते. बौद्धिक अक्षमता असेल तर बँक, मालमत्ता, उपचारांची संमती यांत अडचणी येतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालकत्व देऊ शकते. आई-वडील हयात असताना हा अर्ज केला, तर पुढे भावंडांत वाद कमी होतात. एक कागद झाला तरी रात्रीची झोप थोडी परत येते, हे खरे असले तरी निवासी व्यवस्थेची उणीव त्याने भरून निघत नाही.

तज्ज्ञ कमी आहेत, मग उपाय काय?

देशात दर लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण सुमारे ०.७५, म्हणजे एकाहूनही कमी आहे. प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबणे व्यवहार्य नाही. उत्तर शेजारी गोव्यात सापडते. तेथील ‘संगाथ’ संस्था सहभागी असलेल्या ‘पास’ अभ्यासात गोवा आणि रावळपिंडी येथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन स्वमग्न मुलांच्या पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक कौशल्य प्रशिक्षणातही नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असा साधा आराखडा आहे, आणि त्यात पालकाच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचाही विचार आहे.

आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडीताई घरोघरी जातातच. मुलाच्या वजनाबरोबर त्यांनी आईला ‘तुला झोप लागते का?’ एवढे विचारले आणि उत्तर पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचले, तर सुरुवात होईल. अर्थात, हे काम त्यांच्यावर फुकट लादून चालणार नाही. प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही हवे.

कुटुंबाने आज काय करावे?

प्रमाणपत्र, अनुदान आणि विम्याचे अर्ज एका वेळी एक असे मार्गी लावावेत. आठवड्यातून काही तास मूल दुसऱ्या कोणी सांभाळावे, हे घरात बोलून ठरवावे. तो आईचा आळस नव्हे. तालुक्यातील अशाच दोन-चार पालकांनी आठवडी बाजाराच्या दिवशी भेटले तरी एकटेपणा कमी होतो. मन फारच खचले असेल, स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो चोवीस तास सुरू असतो. तिथे बोलण्यासाठी अलिबागची एसटी पकडावी लागत नाही.