यंत्र येईल, खेळत्या भांडवलाचे काय?

बँकेत असताना सांगलीजवळच्या एका टिश्यू कल्चर युनिटच्या तपासणीला गेलो होतो. मुदत कर्जातून घेतलेली यंत्रे प्लास्टिकखाली झाकलेली होती आणि बाटल्यांतली केळीची रोपे बुरशीने काळवंडली होती. यंत्रांसाठी आम्ही कर्ज दिले होते. जनरेटरच्या डिझेलसाठी आणि जाणत्या माणसांच्या पगारासाठी दिले नव्हते.

ते चित्र आज आठवते ते जैवमुद्रणामुळे, म्हणजे बायोप्रिंटिंगमुळे. जिवंत पेशी जेलमध्ये कालवायच्या, ती 'शाई' सुईतून थरावर थर सोडायची आणि यकृताचा किंवा त्वचेचा इवलासा नमुना घडवायचा. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये असा छापलेला कॉर्निया सशाच्या डोळ्यात बसवला. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी अशा नमुन्यांना वाट करून दिली.

कराड आणि मिरजेला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. देशभर पेशी पुरवणारी राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था पुण्यातच आहे. तेव्हा सातारा-सांगलीकरांनाही या कामात उतरावेसे वाटले तर नवल नाही. उतरावेच. पण सुरुवात कशाने करायची?

छापणे हे काही मिनिटांचे काम. त्याआधी पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवाव्या लागतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचे पोषक द्रावण बदलावे लागते, मग दिवाळी असो की गणपती. शाई भरण्याआधी ट्रिपॅन ब्लू घालून मोजणी करायची. मेलेली पेशी निळी दिसते. सुई फार बारीक असली तर दाबाने पेशी फुटतात, थर जाड झाला तर आतल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात. छापल्यानंतरही नमुना पुन्हा त्याच उबेत ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी शिरले, वीज गेली. अशा वेळी पेशी थांबत नाहीत.

म्हणून माझा कर्ज अधिकाऱ्याचा सल्ला असा: पहिले वर्ष प्रिंटर घेऊच नये. एक निर्जंतुक खोली, इनक्युबेटर, भरवशाचा जनरेटर आणि दोन प्रशिक्षित माणसे एवढ्यावर सुरुवात करावी. साध्या सिरिंजने पेशीयुक्त अल्जिनेटचे थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडावेत. त्यांचे मणी बनतात. त्यांतल्या पेशी आठवडाभर जगवता आल्या, तेही पुनःपुन्हा, की मग यंत्राची मागणी करावी. अनुदान देणाऱ्यांनीही निदान तीन वर्षांचा आवर्ती खर्च आधी मंजूर करावा.

उद्घाटनाची फीत यंत्रापुढे कापली जाते. रविवारी सकाळी येऊन द्रावण बदलणाऱ्या मुलीचा पगार कोणत्या खात्यातून निघणार, हे मात्र त्याआधीच ठरलेले असावे.