पावती वाचता आली पाहिजे



मागच्या महिन्यात जबरानजोतीच्या कागदांसाठी शहापूरला बैठक झाली. एका म्हाताऱ्या बाईनं लुगड्याच्या फडक्यात बांधून आणलेलं गाठोडं सोडलं. त्यात लग्नाच्या पत्रिका होत्या, सोसायटीची चिठ्ठी होती, आणि सगळ्यात खाली जंगल खात्याच्या दंडाची पावती होती, १९७७ ची. ३१ मार्च १९७८ पर्यंतची जबरानजोत कायम करायचं शासनानंच ठरवलं होतं, म्हणजे त्या बाईसाठी हा कागद सोन्याचा. दंड घेतला म्हणजे तेव्हा ती जमीन वाहत होती, हे खात्यानंच लिहून दिलं. पण अशाच दोन पावत्या तिनं चुलीत घातल्या होत्या. कोणता कागद काय आहे, घरात कोणालाच कळत नव्हतं.

तिचा नातू चौथीत आहे. पावती त्याच्या हातात दिली. पोरगं हुशार आहे, बाराखडी धडाधडा म्हणून दाखवली. पावतीवरचं लिहिलेलं अक्षर घाईचं होतं म्हणावं, तर वरचा छापील मथळाही त्याला वाचता आला नाही.

असं कसं होते? पहिलीपासून बाराखडी घोकायची, मग पुस्तकाचा धडा मास्तरांमागे म्हणायचा. धडा पाठ होते. पुस्तक उलटं धरलं तरी पोरगं बरोबर म्हणते. अक्षर जोडून नवा शब्द काढणं त्याला कोणी शिकवलंच नाही. सालेकसा, देवरीकडच्या आपल्या गोंडी टोल्यांत तर आणखी वाईट. घरी पाण्याला एर म्हणतात, घराला रोन म्हणतात. शाळेत पहिल्याच दिवशी सगळं मराठी. सहा वर्षांच्या लेकराला अक्षरही नवं आणि शब्दही नवा. ते गप्प बसते, मग लोक म्हणतात आदिवासीचं पोर मठ्ठ.

सगळा दोष मास्तरांवर टाकू नये. एकशिक्षकी शाळा, चार वर्ग, वरून मतदारयाद्या, आणि पूर्वी कुटुंबनियोजनाच्या केसेसही. एका वर्गाला शिकवेपर्यंत बाकीचे तीन वर्ग काय करतील?

दिल्ली सरकारनं १९८६ मध्ये शैक्षणिक धोरण केलं होतं. त्यातल्या दोन गोष्टी आपण पाठ करून ठेवल्या पाहिजेत. एक, आदिवासी लेकरांसाठी सुरुवातीची पुस्तकं त्यांच्याच बोलीत तयार करावी आणि मग प्रांताच्या भाषेकडे न्यावं. दोन, शिकलेल्या आदिवासी तरुणांना तयार करून आदिवासी भागात शिक्षक म्हणून लावावं. त्याच धोरणातल्या खडू-फळा योजनेत प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक सांगितले होते. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचं तर घटनेच्या कलम ३५०क मध्येच आहे. फळा आला तर फोटो निघते. बोलीतल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आपणसुद्धा नाही. पट्ट्यासाठी आपण दहा खेपा तहसीलला घालतो, पोराच्या वाचण्यासाठी पंचायत समितीत एक अर्जही दिला नाही.

हे होऊ शकते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली लेकरांसाठी शाळा चालवली. ढोरं चारणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणतात. आपल्याकडे मोहफुलाच्या आणि रोवण्याच्या दिवसांत शाळा रिकाम्या पडतात, तेव्हा हजेरीवर लाल रेघ ओढण्यापलीकडे काय होते?

या महिन्याच्या शेवटी शाळा उघडतील. गावसभेनं तिसरी-चौथीच्या पोरांना बसवून पुस्तकाबाहेरचं काही वाचायला लावावं. रेशनकार्ड चालेल, ही पत्रिकाही चालेल. भांडण करू नये, मास्तरांनाही सोबत बसवावं. किती पोरांना वाचता आलं तो आकडा अर्जात लिहा, खाली धोरणातल्या दोन्ही गोष्टी लिहा. गावात दहावी-बारावी झालेलं, गोंडी बोलणारं पोरगं किंवा पोरगी असेल तर त्याचं नाव पहिलीच्या वर्गासाठी त्याच अर्जात सुचवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि ती चुलीजवळ ठेवू नका.

पुढच्या अंकाचं शेवटचं पान मोठ्या अक्षरात लेकरांसाठी काढणार आहोत, गोंडी आणि मराठी शब्द शेजारी-शेजारी. घरातले, बांधीतले, जंगलातले शब्द पाठवा. लिहिता येत नसेल तर बैठकीत सांगा, आम्ही लिहून घेऊ. स्टेन्सिल कापायला २० तारखेला बसू, त्याच्या आत.