रिकाम्या हातांचा पैलवान

नियमांचं पुस्तक उघडा, मंडळी. शस्त्रांच्या तक्त्यावर नजर टाका. दोन्ही हातांनी चालवायची मोठी तलवार : सहा बाजूंचे दोन फासे. साधी लांब तलवार : आठ बाजूंचा एक. पोरकट दिसणारा खंजीर : चार बाजूंचा. आणि बुक्की? बुक्कीला फासाच नाही! सरळ १. वर तुमच्या ताकदीचा बोनस घ्या आणि गप्प बसा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणला. टेबल, कागद, पेन्सिल, फासे आणि पाच-सहा टाळकी, एवढंच भांडवल. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर, म्हणजे आपला डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. तुम्ही म्हणायचं, "मी दार तोडतो." तुटलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आठवडाभर एक्सेल शीटमध्ये डोकं घातल्यावर शनिवारी संध्याकाळी राक्षस मारण्यात काय मजा येते, ते खेळणाऱ्यालाच कळतं!

आणि नियम? ते छापलेले असतात, पण पवित्र नसतात. गल्ली क्रिकेट आठवा. एक टप्पा आउट, गच्चीवर गेला तर आउट, काच फुटली तर ज्याने मारला त्याने भरायची. हे नियम लॉर्ड्सवरून आले नव्हते. गल्ली अरुंद होती म्हणून आले. या खेळातही तसंच. टेबल अडलं की घरचे नियम करायचे. आजचा विषय तोच : बिनहत्यारी पैलवानासाठी घरचे नियम.

२४ विरुद्ध ४

आमच्या शनिवारच्या ग्रुपमध्ये एक मित्र आहे. मूळचा बीडचा, आता हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. त्याने पात्र घेतलं ते डोंगरातल्या गावचा पैलवान. ढाल नाही, तलवार नाही, अंगाला लाल माती. सगळ्यांना जाम आवडला. पहिल्या दोन लेव्हल मजेत गेल्या. पाचव्या लेव्हलला मात्र पैलवानाचा बाजार उठला.

हिशेब बघा. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम, ताकदीचा बोनस ४, एका पाळीत दोन वार. मोठ्या तलवारीवाल्याचे दोन्ही वार लागले तर सरासरी २२. आमच्या पैलवानाच्या दोन बुक्क्या मिळून १०. त्यात पुढचे बरेच राक्षस असे, की त्यांना बिनजादूचा मार निम्माच लागतो. तलवारवाल्याला खजिन्यात जादूची तलवार मिळाली, त्याचे झाले २४. पैलवानाला खजिन्यात काय मिळणार? त्याचे राहिले ४.

चोवीस विरुद्ध चार! भाऊ आपली पाळी आली की फासा टाकायचा आणि लगेच मोबाइल बघायचा. शेवटी म्हणाला, "पुढच्या शनिवारी तलवार घेतो. नाहीतर येतच नाही." चांगला गडी टेबलावरून उठून जाणार, तेही एका तक्त्यातल्या आकड्यामुळे? छे!

मोठा फासा म्हणजे उत्तर नव्हे

पुस्तकात उपाय नाही असं नाही. बिनहत्यारी लढणारा 'मंक' १९७५ सालच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीपासून खेळात आहे. पण तो पडला कुंगफूच्या सिनेमातला साधू. उड्या, लाथा, हवेतले वार. २०२० साली आलेल्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या पुस्तकाने साध्या योद्ध्यालाही बिनहत्यारी लढण्याची शैली दिली. बुक्कीला सहाचा फासा, दोन्ही हात मोकळे असतील तर आठचा. ज्याला पकडलंय त्याला दर पाळीला चारच्या फाशाचा मार. बरं आहे, पण पोट भरत नाही.

कारण घरचे नियम करणारी बहुतेक मंडळीही हेच करतात : फासा मोठा करा. सहाचा आठ, आठचा दहा, दहाचा बारा. होतं काय? बुक्की म्हणजे मूठ नसलेली तलवार होऊन बसते. आकडे जुळतात, पण पैलवान कुठे दिसत नाही. मग तलवारच का घेऊ नये, हा मित्राचा प्रश्न तसाच राहतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. रिकाम्या हातांना असं काय जमतं, जे तलवारीला जमत नाही?

उत्तर पाटोद्यात आहे!

बीड जिल्हा म्हटलं की आपल्याला दुष्काळ आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्या आठवतात. पण बालाघाटाच्या डोंगरातल्या याच जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. वडीलही पैलवान. पोरगा पुण्यात आला, आधी हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली आणि मग काका पवारांकडे घडला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक घेतलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य.

राष्ट्रकुलच्या त्या फायनलचा स्कोअर बघा. कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीविरुद्ध १५-७. पूर्ण सामन्यात नियमाने एकही बुक्की नाही, एकही लाथ नाही. फ्रीस्टाइल कुस्तीत मार मोजतच नाहीत. मोजतात ते हे : खाली घेऊन ताबा मिळवला, २ गुण. पाठ मातीकडे वळवली, २ गुण. उचलून जोरात फेकलं, ४ किंवा ५ सुद्धा. रिंगणाबाहेर ढकललं, १. आणि दोन्ही खांदे टेकवले की गुणांचा हिशेबच संपला, कुस्ती चितपट!

क्लिक झालं? पैलवान समोरच्याचं रक्त काढत नाही, त्याचा तोल काढतो. तलवार हिट पॉइंट कमी करते, पकड पर्याय कमी करते. आणि नेमकी हीच गोष्ट पुस्तक विसरतं. २०१४ च्या नियमांत पकडलेल्याचा फक्त वेग शून्य होतो. तो जागेवर उभा राहून खुशाल तलवार चालवतो, मंत्र म्हणतो. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत त्याला इतरांवर वार करणं अवघड केलंय, पण ज्याने पकडलंय त्याच्यावर वार करायला तो मोकळाच. कुठल्या आखाड्यात असं चालतं?

तेव्हा आमच्या टेबलाचे नियम खालीलप्रमाणे. कापून ठेवा.

नियम १ : बुक्कीला मान द्या, पण बेताने

दोन्ही हात रिकामे आणि ढाल नसेल तर बुक्कीला पहिल्या लेव्हलला सहाचा फासा, पाचवीला आठचा, अकरावीला दहाचा. पाचव्या लेव्हलला दोन बुक्क्यांची सरासरी १७ येते. तलवारीच्या २२ पेक्षा कमी, आणि ती कमीच हवी. पैलवानाची कमाई पुढे आहे.

नियम २ : वस्तादाचा गंडा

तलवारवाल्याला जादूची तलवार मिळते तेव्हा पैलवानाला वस्तादाने बांधलेला गंडा मिळतो. काळा दोरा, त्याला +१. तो बांधला की बुक्की जादूची धरायची. खजिना वाटताना कुणी रिकाम्या हातांनी घरी जायचं नाही!

नियम ३ : तीन पायऱ्या

हा सगळ्यांचा बाप. पकड एका फटक्यात होत नाही, चढत जाते. एका वाराऐवजी पैलवान पकडीचा प्रयत्न करतो, दोघेही वीसचा फासा टाकतात. जिंकला तर एक पायरी वर. समोरच्याने आपली पाळी खर्चून सुटायचा प्रयत्न केला आणि जिंकला, तर एक पायरी खाली.

- खडाखडी : हात हातात गुंतले. समोरच्याला तिथून हलता येत नाही.
- ताबा : समोरचा वार करताना दोन फासे टाकतो आणि कमी आकडा धरतो. हातवारे लागणारे मंत्र बंद.
- चितपट : समोरचा पाठीवर. पैलवानाची पुढची पाळी संपेपर्यंत सुटला नाही तर लढाईतून बाद.

फार सोपं होईल अशी भीती वाटते? गणित करू. पैलवानाचा बोनस ७, समोरच्याचा ३ धरा. बरोबरी झाली तर पैलवान हरला असं मानलं, तर एक झटापट जिंकायची शक्यता शंभरात ६६. लागोपाठ दोन जिंकायची साधारण ४४. लागोपाठ तिन्ही जिंकून थेट चितपट, साधारण २९. म्हणजे जमण्यासारखं आहे, पण फुकट नाही.

गोष्टीतल्या मुख्य खलनायकासाठी एक जादा अट ठेवा : त्याला दोनदा चितपट करावं लागेल. जत्रेतली शेवटची कुस्ती पहिल्या मिनिटात संपली तर गावकरीही नाराज होतात.

नियम ४ : किंमत मोजा

ताबा घेतल्यावर पैलवानाचे दोन्ही हात अडकलेले. बाकीच्या शत्रूंना त्याच्यावर वार करताना दोन फासे मिळतात आणि त्यातला मोठा आकडा धरायचा. मग मित्रांनी काय करायचं? आखाड्याभोवती कडं करायचं! तलवारवाला पाठ राखतो, जादूगार बाकीच्यांना लांब ठेवतो. एकाचा डाव रंगवण्यासाठी चौघांनी उभं राहायचं. टीमवर्कच्या कुठल्याही वर्कशॉपपेक्षा हे भारी, आणि पॉवरपॉइंट नाही!

नियम ५ : आकाराला घाबरू नका

पुस्तक सांगतं, आपल्यापेक्षा एका मापाने मोठ्या प्राण्यालाच पकडता येतं. आमच्याकडे सरसकट बंदी नाही. त्याहून मोठ्या प्रत्येक मापामागे समोरच्याच्या फाशात ५ मिळवा. ड्रॅगनला पकडायची हौस असेल तर पकडा. हाडं तुमची आहेत.

चार घराणी

आता मजेचा भाग. आपल्या कुस्तीच्या परंपरेत मल्लविद्येचे चार प्रकार सांगतात : भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. म्हणजे पात्राची चार घराणी आयतीच तयार! तिसऱ्या लेव्हलला पैलवानाने एक निवडायचं. प्रत्येक डावाला १ 'दम' लागतो. एकूण दम म्हणजे शरीरप्रकृतीचा बोनस अधिक २. थोडी विश्रांती घेतली की सगळा दम परत.

- भीमसेनी : जोराचा खेळ. ताबा असताना धोबीपछाड. समोरचा १० फूट लांब आदळतो, सहाच्या दोन फाशांचा मार. मात्र पकड सुटते.
- हनुमंती : चपळाईचा खेळ. शत्रूचा वार हुकला की त्याच क्षणी त्याच्याशी खडाखडी सुरू करायचा प्रयत्न. फाशात ताकदीऐवजी चपळाईचा बोनस चालेल.
- जांबुवंती : कुलपाचा खेळ. समोरच्याने सुटण्यासाठी टाकलेल्या दोन फाशांतला कमी आकडा धरायचा.
- जरासंधी : सांध्यांचा खेळ. ताबा असताना समोरच्याच्या हातातलं शस्त्र खाली पाडायचं, वर सहाच्या एका फाशाचा मार.

कुणी म्हणेल, कुस्तीत एवढे नियम कशाला? अहो, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मल्लविनोद' नावाचं प्रकरणच आहे. मल्लांचे दर्जे, त्यांचा आहार, त्यांचा व्यायाम, सगळं त्यात. पैलवानाचं रूलबुक आपल्याकडे शेकडो वर्षांपूर्वीच होतं. फक्त वीस बाजूंचा फासा तेवढा राहिला होता!

डीएमसाठी दोन टिप्स

एक, तलवारी बाहेर ठेवाव्या लागतील असे प्रसंग गोष्टीत आणा. बीडचं कंकालेश्वर मंदिर पाहिलंय? कुंडातल्या पाण्याच्या मधोमध उभं दगडी देऊळ. तसं एक देऊळ नकाशावर टाका, शस्त्रं काठावर, आत पाहुण्याच्या वेषात शत्रू. किंवा धारूरसारखा डोंगरातला किल्ला, जिथे किल्लेदाराला मारायचं नाही, जिवंत आणायचंय. तलवारवाला डोकं खाजवत बसेल आणि पैलवान दंड थोपटेल.

दोन, पैलवान जिंकला की हलगी वाजवा. हलगी नसेल तर टेबल बडवा. शेजारचे तक्रार करतील. करू देत.

आमचा बीडकर गडी तलवार घ्यायला गेलाच नाही. त्याने जांबुवंती घराणं घेतलं. पहिल्याच शनिवारी त्याने किल्लेदाराला दोन पाळ्या ताब्यात धरून ठेवलं आणि तेवढ्यात चोराने मागच्या दाराने कैदी सोडवले. त्या रात्री त्याच्या बुक्क्यांनी केलेला एकूण मार होता शून्य. आणि अख्खं टेबल फक्त त्याच्याबद्दल बोलत होतं.

तेव्हा येत्या वीकेंडला करून बघाच. आकडे तुमच्या टेबलाला बसत नसतील तर बदला, आमची ना नाही. फक्त लिहिताना पेन्सिल वापरा. घरचे नियम पेनाने लिहिले की भांडणं होतात!