परक्या मुलखातली डोंगरवाट कोणाची?

नवऱ्याच्या नोकरीपायी ब्रिटनला गेलेल्या बाईला तिथे काय हवे असते? भारतीय किराण्याचे दुकान, मुलांना बरी शाळा, जमल्यास अर्धवेळ नोकरी. हा आपला ठरलेला हिशेब. त्यात तिने ‘मला डोंगरात सायकल चालवायला चांगल्या वाटा शोधायच्या आहेत’ असे म्हटले, तर घरचे हसतात. चळवळीतल्या काहीजणीही ‘पोट भरलेल्यांचे चोचले’ म्हणून मोकळ्या होतात. या हसण्याला माझा विरोध आहे.

मुळात वाट हा हक्काचा प्रश्न आहे. १९३२ साली मँचेस्टर भागातले कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या डोंगरावर चढले. त्यांतले पाचजण तुरुंगात गेले. डोंगर मोकळे झाले ते अशा लढ्यांच्या रेट्याने, आणि तेही तुकड्या-तुकड्याने. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला मुभा मिळाली, पायवाटांवर मात्र तसा सरसकट हक्क आजही नाही. २००० सालच्या कायद्याने माळ-डोंगर खुले केले, ते पायी चालणाऱ्यांसाठी. स्कॉटलंड पुढे गेले. तिथे २००३च्या जमीन सुधारणा कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, बहुतेक जमिनीवरून सायकलने जाण्याचाही हक्क दिला. नव्याने गेलेल्या बाईला हे कोण सांगते?

पण कायद्याने उघडलेली वाट बाईसाठी आपोआप उघडत नाही. एडिनबर्गच्या दक्षिणेला पीबल्स गावाजवळ ग्लेनट्रेसचे जंगल आहे. तिथल्या सायकलवाटांना रंग दिले आहेत. हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, लाल कठीण, काळी सर्वांत अवघड. व्यवस्था चांगली आहे. मात्र रंगावरून कळतो तो चढ-उताराचा, दगडांचा, वळणांचा हिशेब. एकटीला तिथे मोबाइलची रेंज मिळेल का, मुतारी कुठे आहे, डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो तेव्हा परतीची बस केव्हा, हे रंग सांगत नाही. मोबाइलवरचे नकाशेही आधी गेलेल्यांच्याच चाकांनी उमटलेले असतात. रविवारी सकाळी घर मागे टाकून निघायची ज्यांना मुभा आहे, ‘चांगली वाट’ त्यांच्या मापाने ठरते.

आणि हा रविवार कोणाचा? आश्रित म्हणून व्हिसावर गेलेल्या बाईचा त्या देशातला मुक्कामच नवऱ्याच्या कागदाला बांधलेला असतो. घरात सायकल आली तर ती बहुधा त्याच्या उंचीची. तो चिखलाने माखून दुपारी परततो, तेव्हा कपडे धुवायला ती असतेच. नवा देश तिला दिसतो तो गाडीच्या खिडकीतून, मागच्या सीटवरच्या मुलांना सांभाळताना.

त्यात कातडीचा रंग. इन्ग्रिड पोलार्ड या कृष्णवर्णीय छायाचित्रकार स्त्रीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या निसर्गरम्य प्रदेशातल्या काळ्या माणसांची छायाचित्रमालिका केली. त्या देखण्या कुरणांत आपण उपऱ्या आहोत ही भीती तिने नेमकी पकडली. ही भीती रानाने निर्माण केलेली नाही, माणसांच्या नजरांनी केली आहे.

आता ‘चोचल्यां’कडे वळू. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत शेतमजूर होत्या, दगडखाणीत राबणाऱ्याही होत्या. आपण सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. कोणी म्हणेल, ती सायकल पाण्यासाठी, बाजारासाठी होती. ही नुसती मौजेसाठी आहे. मेख इथेच आहे! बाईच्या बाहेर पडण्याला कारण लागते. पुरुषाला ‘जरा फिरून येतो’ एवढे पुरते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११च्या ‘व्हाय लॉइटर?’ या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला: शहरात निरुद्देश भटकण्याचाही बाईला हक्क आहे. मग तो हक्क विमानात बसताना मागे का ठेवायचा?

मान्य, हिंसेला तोंड देणाऱ्या बाईला आधी निवारा हवा. पण आसपासच्या वाटा, बस, ओळखीच्या चारजणी ज्या बाईला ठाऊक असतात, तिला अडचणीच्या वेळी दारातून बाहेर पाऊल टाकणे थोडे सोपे जाते. मोकळीक आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या मागण्या नाहीत.

म्हणून परदेशातल्या आपल्या मंडळांकडे मागणी आहे. गणपती, हळदीकुंकू होतेच. वर्षातले काही रविवार सायकलसाठी ठेवा. त्या दिवशी मुले आणि स्वयंपाक पुरुषांकडे. सायकली भाड्याने, पण बायकांच्या मापाच्या. सुरुवात हिरव्या वाटेपासून. आणि आल्यावर मराठीत लिहून ठेवा: कोणती वाट, कोणती बस, कुठे धोका, कुठे पाणी. मागून येणारीच्या हाती नवऱ्याने आखून दिलेला नकाशा नको, मैत्रिणींनी लिहिलेली वही असू दे.