कॉलेज उघडतं किती वाजता?

ओळखीच्या एक बाई परवा प्रवेशाच्या चौकशीच्या खिडकीवरून फॉर्म न घेताच परतल्या. पोळ्यांची कामं करतात, वय पंचेचाळीस. मुलगी बारावीत गेली तशी आपलंही राहिलेलं शिक्षण पुरं करावं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. खिडकीआडून उत्तर आलं, “आता या वयात कशाला?”

या प्रश्नाचा मला संताप येतो. धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून चौथीतून या बाईंचं नाव काढलं, तेव्हा ‘या वयात शाळा का सोडवताय?’ असं कुणी विचारलं होतं का? तेव्हा सगळे गप्प होते. आता त्या स्वतःच्या पायांनी आल्या, तर वय आडवं येतं.

शिकायला आलेल्याला असं दारातच अडवलं की मला बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्यांच्यातला प्राध्यापक आपण फार कमी आठवतो. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले. प्राध्यापकांसाठीच्या भांड्यातलं पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत तिथल्या काही सहकाऱ्यांनी घेतली. पुढे ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते, १९३५ साली तिथले प्राचार्य झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं.

या कॉलेजात वर्ग सकाळी भरत, म्हणजे तास आटोपून नोकरीवर जाता यावं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे वेळापत्रक. पोटासाठी राबत शिकणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे ओळखून ते आखलेलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंनीही १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची. दार सर्वांना उघडं आहे असं म्हणायचं आणि ते उघडायचं मात्र कामाच्याच वेळेत, तर कष्टकऱ्याने आत यायचं कधी?

आमच्या भागातल्या वाचनालयाचंही तेच. तिथे संध्याकाळी सहालाच कुलूप लागतं. सिक्युरिटीतली, दुकानांतली मुलं सुटतात आठला. घरी एका खोलीत पाच माणसं, त्यात टीव्ही. परीक्षेच्या दिवसांत ही मुलं बस स्टॉपच्या दिव्याखाली वाचताना दिसतात आणि वाचनालयातल्या खुर्च्या अंधारात रिकाम्या असतात. रात्री दहापर्यंत ते उघडं ठेवायला एका माणसाचा पगार आणि थोडं वीजबिल लागेल. विश्वस्तांनी खर्चाची अडचण सांगितली, तर वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.