नवे आले म्हणून जुने का हटवावे?

व्हिडिओ गेमसारखा विषय या पानावर यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या व्यवसायात ग्राहकाने दाम मोजून घेतलेली वस्तू विक्रेता घरबसल्या बदलू शकतो, त्याची संभावना पोरखेळ म्हणून करता येणार नाही.

गाजलेले जुने गेम नव्याने घडवून विकण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. तिचे समर्थक म्हणतात, मूळ कृतीतील दोष दूर झाले, मग ती सदोष कृती हवी कोणाला? पण दोष म्हणावे कशाला? १९९६ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये कॅमेरा जागोजाग खिळलेला होता, कारण पार्श्वभूमीची दृश्ये आधीच तयार करून ठेवलेली असत. मर्यादा यंत्राची खरी. तथापि वळणापलीकडे काय दडले आहे याची धास्ती तिनेच निर्माण केली. मूळ दिग्दर्शक शिंजी मिकामी यांनी २००२ मध्ये हा गेम पुन्हा घडविला, तेव्हा चित्रे पालटली, कॅमेरा मात्र खिळलेलाच ठेवला. जाणत्याची दुरुस्ती ती अशी!

याच्या उलट प्रकार २०२१ मध्ये घडला. आपल्याकडील सायबर कॅफेंतून एका पिढीने खेळलेल्या ‘व्हाइस सिटी’सह तीन गेमांची सुधारित आवृत्ती रॉकस्टार कंपनीने नोव्हेंबरात आणली. त्यांपैकी ‘सॅन अँड्रियास’मधील दूरचे धुके विरळ झाले आणि विस्तीर्ण वाटणारे ते राज्य एकाएकी आटल्यासारखे दिसू लागले. अन्य चुकाही पुष्कळ होत्या. त्याहून गंभीर बाब अशी की, मूळ गेम महिनाभर आधीच डिजिटल दुकानांतून काढून घेतलेले होते. ओरड झाल्यावर कंपनीने क्षमा मागितली व संगणकावरील जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात परत ठेवल्या. ‘वॉरक्राफ्ट ३’च्या बाबतीत तर २०२० मध्ये कमालच झाली. कंपनीच्या जाळ्यावर खेळायचे, तर ज्यांनी जुनाच गेम विकत घेतला होता त्यांनाही नव्या आवृत्तीचा प्रोग्राम घेणे भाग पडले. आणि त्यात खेळाडूंच्या क्रमवारीसारख्या जुन्या सोयी प्रारंभी नव्हत्याच.

अर्थशास्त्रात पर्यायी वस्तू ही संकल्पना आहे. चहा महागला की माणूस कॉफी घेतो; पण ती निवड त्याची असते. कॉफी खपावी म्हणून चहाच बाजारातून उठविला, तर कॉफीचा वाढलेला खप तिच्या गुणांची साक्ष कसा ठरेल? नवी आवृत्ती खरोखर सरस असेल, तर त्याच फळीवर जुनी ठेवण्यास भय कसले? दोन्ही विका, किंमत हवी तर वेगळी लावा. मालकाला जुनी विकायची नसेल, तर निदान ग्रंथालयांना तरी ती वाचकांपर्यंत नेऊ द्यावी.

ही मागणी अवास्तव नाही. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. तरीही अभ्यासकांना असे गेम दुरून उपलब्ध करून देण्याची ग्रंथालयांची विनंती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली.