लेहच्या आधी बोरघाट

परळ-लालबागकडची आमची बरीच आयटी मंडळी हल्ली मनाली-लेहची स्वप्नं बघतायत. सायकलवरून हं, पण सामान मागच्या गाडीत! तांगलांग ला ५,३०० मीटरवर, हवा विरळ, सगळं मान्य. पण याला टूर म्हणायला माझी जीभ वळत नाही, राव. त्यापेक्षा आधी कॅरिअरला बॅगा लावून खोपोलीहून जुन्या हायवेने खंडाळा गाठा. पुढे २२ दातांची चकती, मागे ३४: पेडलच्या एका फेऱ्यात चाक पाऊण फेरासुद्धा घेत नाही. तिसरी जीन्स कशाला घेतली, ते तिथे कळतं. शिंग्रोबाच्या देवळापाशी दम खा... या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात. असो. सपोर्ट गाडीचे पैसे वाचले, तर मागे मोठी कॅसेट बसवून घ्या.